विंगप्रमाणे मत की घरटी मत?

सेक्रेटरी (ए-१०२): सर्व सभासदांना नमस्कार. सी विंगच्या दोन्ही लिफ्ट बदलायच्या की दुरुस्त करून चालवायच्या, यावर रविवारी विशेष सभेत मतदान आहे. मतदान कसं घ्यावं याबद्दल सूचना असतील तर आजच द्या. सभेत त्यावर तास घालवायचा नाही.

अण्णा (ए-३०१): माझी सूचना. विंगप्रमाणे मत घ्या. प्रत्येक विंगने आपापसात ठरवावं आणि एकच मत द्यावं. नाहीतर सी विंगच्या ३६ घरांपुढे आमच्या १२ घरांना विचारतो कोण? अमेरिका याच पद्धतीने राष्ट्राध्यक्ष निवडते, सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ.

नेहा (सी-५०३): अण्णा, तुमच्याकडे तीनच मजले, म्हणून हे सुचतंय 😀

नेहा (सी-५०३): हिशेब करा. ए मधली १२ पैकी ७ घरं नको म्हणाली, बी मधलीही ७. झालं, दोन विंग विरुद्ध एक. १४ घरांनी ४६ घरांना हरवलं. आणि जिने चढायचे आम्ही.

अण्णा (ए-३०१): हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात असं होत नाही.

मंदार (सी-७०१, न्यू जर्सी): होतं अण्णा. इथे पाचदा झालंय. १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली होती, अध्यक्ष झाले ट्रम्प.

वैद्य काकू (बी-२०२): मंदार, तिकडे रात्रीचा दीड वाजला असेल ना रे? झोप की.

मंदार (सी-७०१, न्यू जर्सी): काकू, लिफ्टचा विषय आहे. आई-बाबा सातव्या मजल्यावर राहतात, झोप कुठली.

अण्णा (ए-३०१): पण तिथल्या राज्यघटनेतच आहे ना ते? लहान राज्यांना संरक्षण म्हणून.

मंदार (सी-७०१, न्यू जर्सी): अर्धंच खरं. अध्यक्ष निवडतात ते राज्यांनी नेमलेले निर्वाचक, एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. लहानातल्या लहान राज्यालाही किमान ३ मिळतात, हे घटनेतलं. वायोमिंगला ३, लोकसंख्या सहा लाखांच्या आत. कॅलिफोर्नियाला ५४, लोकसंख्या चार कोटींच्या आसपास. म्हणजे वायोमिंगच्या एका निर्वाचकामागे पावणेदोन-दोन लाख माणसं, कॅलिफोर्नियात सात लाखांच्या वर. पण खरी मेख वेगळी आहे. एका मताने जरी राज्य जिंकलं तरी त्या राज्याचे सगळे निर्वाचक जिंकणाऱ्याच्या खिशात, हा नियम घटनेत नाहीच. निर्वाचक कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचं, एवढंच लिहिलंय. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं वाटणी करतात, बाकीची करत नाहीत. आपल्या पक्षाचा फायदा कोण सोडतो?

मंदार (सी-७०१, न्यू जर्सी): परिणाम असा की आमच्या न्यू जर्सीत निकाल ठरल्यासारखाच, त्यामुळे प्रचाराला कोणी फिरकत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र उमेदवार तळ ठोकून. (मला मत नाहीच. ग्रीन कार्डवाल्याने फक्त कर भरायचा.)

वैद्य काकू (बी-२०२): आमची मुलगी अटलांटाला असते. नागरिक झाल्यावर तिचं पहिलं मत २०२० चं. ते तीनदा मोजलं गेलं! आधी मशीनवर, मग हाताने, मग ट्रम्प यांनी मागणी केली म्हणून पुन्हा मशीनवर. सगळ्या जॉर्जिया राज्याची पन्नास लाखांच्या घरातली मतं. तिन्ही वेळा बायडेन पुढे, शेवटी फरक ११,७७९. आणि तिची शेजारीण, चांगली शिकलेली बाई, अजून म्हणते मोजणीत गडबड झाली.

केतन (बी-३०४): काकू, पण तिथे मेलेल्या माणसांनी मतं दिली होती. माझ्याकडे व्हिडिओ आहे, टाकू का?

सेक्रेटरी (ए-१०२): नको. फॉरवर्ड नकोत असं ग्रुपच्या नियमात आहे.

वैद्य काकू (बी-२०२): केतन, हजारो आहेत असा आरोप होता. जॉर्जियात तपास झाला, सापडली चार. हजार नव्हेत, नुसती चार. साठावर खटले झाले देशभर, निकाल कुठेच फिरला नाही.

शिंदे बाई (सी-१०४): मी सगळं वाचतेय. मंदार, मला एक सांग, तिथे मोजतो कोण? निवडणूक आयोग?

मंदार (सी-७०१, न्यू जर्सी): बाई, आपल्यासारखा आयोग इथे नाही. केंद्रात एक आहे, तो प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघतो. निवडणूक घेतं राज्य, आणि राज्यातही प्रत्यक्ष काम काउंटीकडे, म्हणजे जिल्हा समजा. बहुतेक राज्यांत वरचा अधिकारी पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो.

शिंदे बाई (सी-१०४): म्हणजे पंच घरचाच!

मंदार (सी-७०१, न्यू जर्सी): २००० साल घ्या. सगळं फ्लोरिडावर अडलेलं. साठ लाखांच्या आसपास मतं, फरक ५३७ चा. तिथले गव्हर्नर जेब बुश, म्हणजे उमेदवार जॉर्ज बुश यांचे सख्खे भाऊ. निकालावर सही करणाऱ्या कॅथरीन हॅरिस त्याच जॉर्ज बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. मतपत्रिकेला भोक नीट पडलंय की कागदाचा तुकडा लोंबतोय, हे लोक भिंग लावून बघत होते. शेवटी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने फेरमोजणी थांबवली. विरुद्ध उभे असलेल्या अल गोर यांना देशात पाच लाखांवर जास्त मतं, तरी घरी.

नेहा (सी-५०३): आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणून स्वतःच्या पराभवाची घोषणा त्यांनाच संसदेत करावी लागली ना? ६ जानेवारी २००१. वीस वर्षांनी त्याच तारखेला त्याच इमारतीत ट्रम्प समर्थकांचा जमाव घुसला.

वैद्य काकू (बी-२०२): पण जॉर्जियाचा तो वरचा निवडणूक अधिकारी, रॅफेन्सपर्गर, तोसुद्धा ट्रम्प यांच्याच पक्षाचा. फोनवर त्यांनी ११,७८० मतं शोधा म्हणून सांगितलं, गडी ऐकला नाही.

शिंदे बाई (सी-१०४): छान केलं त्याने. पण एका माणसाच्या कण्यावर सगळं उभं, हे काही बरं नव्हे. मी शाळेत शिकवत असताना प्रत्येक निवडणुकीला ड्युटी केली. सकाळी मतदानाआधी सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मशीनमध्ये किमान ५० मतं टाकून दाखवायची, मोजायची, पुसायची, मग सील. संध्याकाळी किती मतं पडली त्याचा १७ सी चा नमुना भरून प्रत्येकाला त्याची प्रत हातात. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण हरणारा माणूस त्या टेबलाशी बसलेला असायचा, हे महत्त्वाचं. तरी आपल्याकडे मशीनवरून भांडणं आहेतच.

अण्णा (ए-३०१): मग आपला राष्ट्रपती तरी थेट कुठे निवडतो आपण? आपल्याकडेही निर्वाचक मंडळच.

सेक्रेटरी (ए-१०२): अण्णा, त्याचा हिशेब माहीत आहे मला. आपल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, उत्तर प्रदेशच्या २०८, गोव्याच्या २०. लोकसंख्येवर ठरतं, तीही १९७१ ची. पण राज्याची सगळी मतं एकगठ्ठा एकाला जात नाहीत. ज्याचं मत त्याचं.

केतन (बी-३०४): हा संदेश हटवण्यात आला आहे

मंदार (सी-७०१, न्यू जर्सी): २०२४ ची गंमत सांगतो. चार वर्षं घोटाळा घोटाळा म्हणणारे माझ्या ऑफिसातले दोघे निकालाच्या सकाळी एकदम गप्प. मशीन तीच, काउंटी तीच. आणि समोरच्या टेबलावरचा, जो त्यांना हसायचा, तो म्हणाला की काहीतरी गडबड वाटतेय 🤦 त्या वेळी ट्रम्प यांना एकूण मतंही जास्त होती, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

अण्णा (ए-३०१): बरं, माझी विंगवाली सूचना मी मागे घेतो. पण सी विंगच्या कोणी मतं मोजलेली मला चालणार नाहीत, आत्ताच सांगतो.

सेक्रेटरी (ए-१०२): तसंही सहकार कायद्यात एक सभासद एक मत आहे. मी सकाळीच सांगणार होतो, पण चर्चा रंगली. घरटी एक मत, चिठ्ठीवर. शिंदे बाई, अनुभव तुमचा, मोजणी तुम्ही कराल का?

शिंदे बाई (सी-१०४): मी सी विंगची. मी मोजणार नाही. अण्णांनी उघडायच्या चिठ्ठ्या, मोठ्याने वाचायच्या, नेहा बाजूला बसून लिहील. शेवटी दोघांची सही.

अण्णा (ए-३०१): चालेल. चष्मा नवा केलाय.

नेहा (सी-५०३): मलाही चालेल.

सेक्रेटरी (ए-१०२): ठरलं. रविवार सकाळी १०, पार्किंगमध्ये. पेन घरून आणा, मागच्या सभेत ऑफिसची तीन गेली.