‘सात वाव पाणी’ म्हणजे किती?

दर्यापूर : आमच्या वाचनालयात जुन्या सागरी सफरींचं वाचन चालतं. सध्या कॅप्टन कुक सुरू आहे. १७६९-७० मध्ये ‘एन्डेव्हर’ जहाजातून न्यूझीलंडला फेरी मारत त्यानं किनाऱ्याचा नकाशा केला, तो भाग. त्यात ‘सात वाव पाणी लागले’ असं आलं नि सगळे अडले. आम्हाला वाव माहीत तो ‘सुधारणेला वाव’ एवढाच. मागून एकानं विचारलं, “हे वावराचं माप हाये का जी?” (गावाचं नाव दर्यापूर, विहिरीचं पाणीही खारं, पण दर्याचा एक शब्द येईल तर शपथ!) कोणी सांगेल का?

पवनी : ताई, दोन्ही हात आडवे पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे वाव. संस्कृतातला ‘व्याम’ तो हाच. इंग्रजी फॅदमचा मूळ अर्थही पसरलेले हात असाच, पुढं तो ६ फुटांवर पक्का झाला. म्हणजे तुमचं पाणी ४२ फूट. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन बांधून ती पाण्यात सोडायचे. उथळ पाण्याला ७ ते १४ पौंडांचं शिसं पुरे. दोरीवर खुणा असत : दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तिनावर तीन, पाचावर पांढरं फडकं, सातावर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. फडकी वेगवेगळ्या पोताची, म्हणजे अंधारात नुसतं चाचपून कळावं. मला सगळ्यात आवडतं ते शिशाचं बूड. त्याला खळगा असायचा, त्यात चरबी भरत. वर ओढलं की चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चिकटलेला. चरबी कोरी आली तर खाली खडक, तिथं नांगर टाकायचा नाही.

चिमूर : मग सरळ ‘परस’ लिहा ना. आमच्या विहिरी परसातच मोजतात, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

पवनी : नको काका. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची, ते माप वावेपेक्षा मोठं. जहाजाखाली नसलेलं पाणी कागदावर वाढेल. विहिरीची आठवण मात्र बरोबर जागी झाली. भरती-ओहोटीनं खोली बदलते, म्हणून नकाशावर ओहोटीच्या पाण्याचा आकडा देतात. विहीर घेताना आपण मे महिन्यातलं पाणी विचारतो, तसंच ते.

दर्यापूर : आणि ‘किनाऱ्याची मोजणी’ म्हटलंय, ते चालेल?

चिमूर : मी जन्मभर मोजणीच केली, म्हणून खटकतं. मोजणी म्हटली की शंकू-साखळी आली, ३३ फुटी साखळी धुऱ्यावरून ओढणं आलं. समुद्रात साखळी टाकता कुठं? हे लोक चालत्या जहाजावरून एका भूशिराची दिशा होकायंत्रानं घेत, पुढं जाऊन त्याच भूशिराची दिशा पुन्हा घेत. दोन रेघा जिथं छेदल्या तिथं भूशिर. दोन ठिकाणांमधलं अंतर हवं असेल तर कधीकधी तोफ उडवत. धूर दिसल्यापासून आवाज पोचेपर्यंतचे सेकंद मोजायचे, सेकंदाला साधारण ११०० फूट धरायचे. डोकं बघा! पण डेकवरून जे दिसलं नाही ते चुकलं. कुकनं बँक्स द्वीपकल्पाला बेट केलं आणि स्टुअर्ट बेट मुख्य भूमीला जोडून दाखवलं. माझ्या मते किनाऱ्याची ‘आखणी’ म्हणा आणि पाण्याची ‘मोजणी’.

पवनी : पटलं. पाण्यासाठी ‘ठाव घेणे’ त्याहून चांगलं. आमच्याकडे वैनगंगेत डोंग्यातून बांबू खुपसून डोहाचा ठाव घेतात, तीच क्रिया.

दर्यापूर : मग ठाव आणि थांग एकच?

पवनी : अगदी एकच नाही. ठाव आपण घेतो, थांग लागतो किंवा लागत नाही. ‘शंभर वाव दोरी सोडली तरी थांग लागला नाही’ असं वाक्य तुम्हाला पुढं भेटेलच. नकाशावर अशा आकड्याच्या डोक्यावर आडवी रेघ आणि वर टिंब असतं. तिथं पाणी शंभर वाव आहे असं वाचू नका. शंभरावर दोरी संपली, एवढंच त्यानं सांगितलंय.