प्रतिसाद: जमीनच जागेवर राहत नसेल तर?

"फिरता दवाखाना म्हणजे गोळ्या वाटा, फोटो काढा आणि निघा, त्यापेक्षा पक्कं रुग्णालय बांधा" हा मुद्दा बऱ्याच ठिकाणी लागू पडतो. पण आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातल्या वाळूच्या बेटांवर, म्हणजे 'चर' भागात, बांधणार कुठे? पुरात बेटाचा काठ ढासळतो, कधी अख्खी वस्तीच हलते. पत्रकार-लेखक संजय हजारिका यांच्या संस्थेने 2005 मध्ये तिथे बोट दवाखाना सुरू केला, पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानही सोबत आलं. बोटीवर डॉक्टर, नर्स, औषधं, छोटी प्रयोगशाळा. काठाला लागायचं, तपासण्या आणि लसीकरण करायचं, पुढच्या बेटाकडे निघायचं.

खरी कसोटी असते परत येण्याची. बाळाची पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित) लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना द्यावी लागते. बोट एकदाच फिरकली तर तिचा उपयोग अर्धवट. लस 2 ते 8 अंशांत ठेवायची, म्हणजे बर्फाची सोय आलीच. रक्तदाबाच्या गोळ्या तर पुढच्या फेरीपर्यंत पुरतील एवढ्या द्यायला हव्यात. (आपल्याकडची शिबिरं नेमकी इथेच मार खातात, असं माझं मत.)

बाळंतपण मात्र वेळापत्रक पाहून येत नाही. त्यासाठी रात्रीबेरात्री निघू शकेल अशी वेगळी बोट आणि काठावर थांबलेली रुग्णवाहिका हवी. नंदुरबारात सरदार सरोवर धरणामुळे आलेल्या नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांनाही हेच लागू आहे. तिथे तरंगता दवाखाना सुरू करून काम संपत नाही. डिझेल आणि चालकाचा पगार वेळेवर मिळतो का, हे आधी विचारा.