पक्षी-प्राणी रिहॅब (जखमी वन्यजीव बरे करून परत सोडणं) नीट शिकायचंय, नाशकात नोकरी सांभाळून काय करता येईल?

इंदिरानगरची_ताई

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, रविवारच काय तो मोकळा. सोसायटीत कुणाला काही सापडलं की खोका घेऊन सरळ माझ्या दारात, संक्रांतीच्या आसपास मांज्यात अडकलेल्या घारी आणि घुबडं, उन्हाळ्यात पिल्लं, मध्येच कधीतरी खारुताई. मी आत्तापर्यंत वनविभागाला फोन लावून पुढे पोचवते एवढंच केलंय, पण गाडी येईपर्यंतच्या दोन-तीन तासांत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे धड कुणी सांगत नाही, यूट्यूबवर तर एक म्हणतो ग्लुकोज पाजा, दुसरा म्हणतो थेंबभर पाणी पण नको.

आता नीट शिकायचं ठरवलंय. आयडब्ल्यूआरसी म्हणजे त्या इंटरनॅशनल वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेशन कौन्सिलचे ऑनलाइन कोर्स दिसले, फी डॉलरमध्ये आहे. ते करावं का? ते सर्टिफिकेट घेतलं तर घरी पक्षी ठेवून बरा करता येतो का? आणि जे लोक कित्येक वर्षं हे काम करतायत ते पुढे काही शिकत राहतात का, की अनुभव म्हणजेच सगळं?

सातपूर_कॉलनी

घरी ठेवू नका. १९२६ ला, वनविभागाच्या हेल्पलाइनला, फोन करा. विषय संपला.

गोदाकाठचा_बगळा

सातपूर भाऊ, विषय संपत नाही ना, ताई फोन करतायतच की, त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

ताई, घरी ठेवायचं आधी सांगतो. सर्टिफिकेट देशी असो की परदेशी, त्याने वन्यजीव ताब्यात ठेवायचा हक्क मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी सरकारी मालमत्ता धरतात, तो तुमच्या हातात आला की ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं आणि मागितला तर द्यावा लागतो. लोकांना वाटतं वाघ-बिबट्याचंच आहे हे, पण आपला साधा हिरवा पोपट पण त्यात येतो. त्यामुळे तुमच्या घराला "रेस्क्यू सेंटर" वगैरे कुणी म्हणायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवा, कौतुक महागात पडतं.

आता कोर्सचं. आयडब्ल्यूआरसीचा सीडब्ल्यूआर, म्हणजे सर्टिफाइड वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटर, ही परीक्षा आहे, परवाना नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती एकदा पास झालात की आयुष्यभर मिरवा असं नाही, दर दोन वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि त्यासाठी मधल्या काळात काहीतरी शिकलात हे दाखवावं लागतं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आणि अमेरिकेत तर स्थलांतरित पक्ष्यांवर काम करायचं असेल तर सरकारी परमिट लागतं, त्याला किमान १०० तासांचा अनुभव आणि तोही पूर्ण एक वर्षभर पसरलेला. त्या १०० मधले जास्तीत जास्त २० तासच सेमिनार-कोर्सचे धरतात, म्हणजे ८० तास प्रत्यक्ष पक्ष्यासोबत. आपल्याकडे असा नियम नाही पण स्वतःला हेच माप लावायला काय हरकत आहे, कोर्स करा पण वेळ हिशोबाने वाटा.

हे ८० तास नाशकात कुठे? म्हसरूळला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, म्हणजे जखमी वन्यजीवांवर उपचार करून सोडायची जागा, तिथे जाऊन स्वयंसेवक म्हणून घेतात का ते विचारा, अर्ज लेखी द्या. पुण्याला बावधनचं, नागपूरला सेमिनरी हिल्सचं, ही पण अशीच सेंटर आहेत, सुट्टी काढून काही दिवस राहता आलं तर बघा. डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचं नाव लोक तुम्हाला सांगतीलच, पण तिथले मोठे कोर्स मुख्यतः वनाधिकाऱ्यांसाठी असतात, तिकडे वेळ घालवू नका.

एक मात्र सांगतो, सुरुवातीला तुम्हाला पक्षी हातात मिळणार नाही. पिंजरे धुवा, खाणं चिरा, वजनं लिहा. बरेच जण दुसऱ्या रविवारी गायब होतात ते याच्यामुळे.

सिन्नरचा_वाघ्या

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हे परदेशी कोर्स म्हणजे रॅकून आणि ऑपॉसम, सगळी अमेरिकेतली जनावरं. आपल्याकडे ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची पिल्लं सापडतात, द्राक्षबागेच्या जाळीत वटवाघळं अडकतात, विहिरीत कोल्हा पडतो. ते कोण शिकवणार? आमच्याकडचे जुने सर्पमित्र एक दिवस शाळेत न जाता सगळं करतात. डॉलर भरण्यापेक्षा त्यांच्या मागे फिरा.

डॉक्टर_निफाड 

वाघ्या, रॅकूनचं बरोबर आहे तुझं, पण रॅकून असो की उदमांजर, जखमेने, भीतीने शॉकमध्ये गेलेल्या जनावराचं शरीर सारखंच वागतं. आधी ऊब, मग डॉक्टरकडून पाणी-सलाईन, अन्न सगळ्यात शेवटी, हा क्रम कुठल्याही चांगल्या कोर्समध्ये पहिल्या धड्यात असतो. आणि नेमका इथेच आपल्याकडे घोळ होतो, कारण लोकांना जीव वाचवायचा म्हणजे पहिल्यांदा काहीतरी खाऊ घालायचं असतं. थंड पडलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न गेलं तर ते पचत नाही, तिथेच साचतं, आणि माझ्याकडे येईपर्यंत खेळ संपलेला असतो. पाणी तर चोचीत ओतूच नका, पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, ड्रॉपरने मारलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध-ब्रेड पण नाही, पक्ष्याला दूध पचत नाही.

ताई, तुमच्या दोन-तीन तासांचं उत्तर: भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला जुना टॉवेल, झाकण बंद, अंधार, शांतता, आणि सोसायटीतल्या पोरांना "बघू दे ना काकू" म्हणायला न देणं. मांजा मांसात रुतला असेल तर ओढायचा नाही, दोन्हीकडून थोडा लांब कापायचा आणि रुतलेला भाग तसाच ठेवून पाठवायचा. घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला जी ताणलेली कातडी असते ना, ती फाटली की उडणंच अवघड होतं, आणि बरेचदा ती मांज्याने जेवढी फाटत नाही तेवढी सोडवणाऱ्याच्या ओढाताणीने फाटते.

आता अनुभव की शिक्षण. गिधाडांचं घ्या, अंजनेरीला आणि हरसूलकडे आपल्याकडे गिधाडं आहेत. डायक्लोफिनॅक हे पेनकिलर जनावरांसाठी २००६ मध्येच बंद झालं, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाच्या किडन्या जातात. मग त्याच्या जागी बरेच जण किटोप्रोफेन, असिक्लोफिनॅक वापरायला लागले, ती पण २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली, सुरक्षित म्हणून मेलोक्सिकॅम आहे. म्हणजे वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस जुन्या सवयीने आज चुकीचं पेनकिलर सुचवू शकतो, आणि त्याला वाटणार मी बरोबर आहे. कायद्याचं तेच, २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या (कायद्यातल्या प्राण्यांच्या वगैरे याद्या) चार झाल्या, तरी अजून व्हॉट्सॲपवर जुनाच तक्ता फिरतोय.

बिबट्याच्या पिल्लांचं वाघ्या म्हणाला म्हणून. ऊस तोडताना पिल्लू सापडलं की ते उचलून गावात आणणं, मांडीवर घेऊन फोटो, हे सगळं बंद करायला लागतं, ते खरं प्रशिक्षण आणि ते गावाला द्यावं लागतं. वनविभागाची माणसं येतात, डॉक्टर तपासतात, आणि संध्याकाळी पिल्लू त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात, आई रात्री येऊन घेऊन जाते. आई आली नाही तर पुढचा विचार. यात आपण करायचं ते कमीच, आणि तेच अवघड जातं सगळ्यांना.

सिन्नरचा_वाघ्या

पेनकिलरचं माहीत नव्हतं डॉक्टर, मान्य. पण हे सगळं मराठीत कुठे आहे? आमच्या पोरांना इंग्रजी मॅन्युअल दिलं तर पहिल्या पानावरच बंद होतं. सर्पमित्रांना कोण शिकवतंय दरवर्षी? एकदा ट्रेनिंग झालं की टी-शर्ट मिळतो आणि मग कुणी विचारत नाही.

डॉक्टर_निफाड

हे मात्र शंभर टक्के खरं. मराठीत एका जागी नाहीच. मी तर म्हणतो संक्रांतीच्या आधी डिसेंबरात एक आणि ऊसतोड सुरू व्हायच्या आधी एक, असे दोन अर्धे-अर्धे दिवस तालुक्याला बसून जुन्या केसेस काढाव्यात, कुठला प्राणी आला, काय दिलं, जगला की मेला, मेला तर का. नोंदवही असेल तर त्यातच अर्धा कोर्स होतो. पण नोंदवही नसते, सोडलेल्याचा व्हिडिओ असतो आणि मेलेल्याची नोंद कुठेच नाही.

चांदोरी_बर्डर

मध्येच बोलते. पक्षी ओळखायला शिका ताई आधी, कारण पिल्लू कुणाचं आहे हे कळलं नाही तर पुढचं सगळंच चुकतं. पाकोळी उडता उडता किडे धरते, होला दाणे खातो, बगळ्याला मासा लागतो, सगळ्यांना भिजवलेली डाळ नाही चालत. बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, पक्षीशास्त्राचा कोर्स आहे, तो नोकरी करत जमतो. आणि हिवाळ्यात रविवारी नांदूर मधमेश्वरला या, रामसर साइट आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, महाराष्ट्रातली पहिली, तिथले स्थानिक गाइड जे दाखवतात ते पुस्तकात नाही मिळत. निरोगी बगळा कसा उभा राहतो ते बघितलेलं असेल तर आजारी बगळा लांबून कळतो.

अजून एक, उन्हाळ्यात तुमच्याकडे येणाऱ्या पिल्लांतली बरीचशी आजारी नसतातच. पंख फुटलेलं, उड्या मारत फिरणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते उडायला शिकतंय, आई-बाप वर ओरडत असतात, मांजर-कुत्रं हाकला आणि जवळच्या झुडपात ठेवा. उघडं, गुलाबी, डोळे मिटलेलं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते हे खोटं आहे, बिनधास्त ठेवा.

इंदिरानगरची_ताई

बापरे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मग असं करते, म्हसरूळला अर्ज, बीएनएचएसची चौकशी, आणि डॉलरवाला कोर्स वर्षभर थांबून. डॉक्टर, एक विचारायचं होतं, रेबीजची लस आधीच घ्यावी का? घरचे म्हणतात पक्ष्यांना कशाला रेबीज.

डॉक्टर_निफाड

पक्ष्यांचा नाही, पण खोका उघडल्यावर आत मुंगूस किंवा वटवाघूळ निघालं तर? घ्याच. आधीचे तीन डोस असतात, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. नंतर कधी चावलं तर जखम साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि मग दोनच डोस, ० आणि ३ ऱ्या दिवशी, सीरमचं वेगळं इंजेक्शन लागत नाही. "मी आधी घेतलीय, आता काय होतंय" असं मात्र नाही, ते दोन घ्यावेच लागतात. धनुर्वाताचं पण बघून घ्या. कार्ड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

गोदाकाठचा_बगळा

आणि अर्जाला जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका ताई, जुने टॉवेल आणि रद्दी पेपर घेऊन जा, दोन्हीची कायम टंचाई असते. इंग्रजी पेपर चालतात, रंगीत पुरवण्या नकोत, गुळगुळीत कागदावर पाय घसरतात त्यांचे.

सातपूर_कॉलनी

माझ्याकडे माळ्यावर दोन वर्षांची रद्दी आहे. ताई कुठे आणून देऊ?