इब्सेनची सभा वर्गात अहिराणीत भरवावी का?

तापीकाठचा_मास्तर:
अकरावीच्या इंग्रजी युवकभारतीत नाटकांचे उतारे आहेत. त्यातलं नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' (1882) खान्देशातल्या पोरांना सगळ्यात लवकर भिडेल असं माझं मत. पण आपण काय करतो? वाचा, अर्थ सांगा, स्वभावचित्रण उतरवून द्या.

गोष्ट बघा. गावाची भिस्त औषधी स्नानगृहांवर आणि त्याच पाण्यात चामड्याच्या कारखान्यांची घाण. डॉक्टर ते उघड करतो. नगराध्यक्ष त्याचा सख्खा मोठा भाऊ. तो सांगतो, दुरुस्तीला दोन वर्षं स्नानगृहं बंद आणि खर्च गावाच्या बोकांडी. झालं, कालपर्यंत डॉक्टरची पाठ थोपटणारे संपादक आणि छापखानेवाला फिरले! ज्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो त्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं?

चौथ्या अंकातली सभा ग्रामसभेसारखी भरवा. आधी अहिराणीत. 'पानी खराब शे' म्हणणारा एकटा, 'पैसा कोन देई?' ओरडणारा अख्खा वर्ग. मग तीच सभा इंग्रजीत.

खडू_डस्टर:
सर, ते 'मग' कधी उजाडतं? तास संपतो. पोरं अहिराणीत फर्मास भांडतात आणि पेपरात जागा कोरी. शहादा-शिरपूरकडच्या खेड्यातल्या पोराच्या कानावर इंग्रजी पडते ती याच तासाला. तोही काढून घ्यायचा?

जुनी_नाटकवेडी:
देवलांनी 1890 मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केलाच ना? परकं नाटक आपल्या बोलीत आलं तेव्हाच लोकांचं झालं.

खडू_डस्टर:
ताई, झुंझाररावाच्या प्रेक्षकांना दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर नव्हता.

पारोळेकर:
माझी अडचण वेगळी आहे. ग्रामसभा केली की डॉक्टर सिनेमातला हिरो होतो. मूळ नाटकात त्याच सभेत तो म्हणतो की बहुमत कधीच बरोबर नसतं, आणि सामान्य माणसांची तुलना गावठी कुत्र्यांशी करतो. पोरांनी हे ऐकायला नको? पाण्याबद्दल तो खराच आहे, लोकांबद्दलही खरा आहे का? खरी गंमत तिथे आहे आणि गाइडमध्ये तिचा पत्ता नसतो.

तापीकाठचा_मास्तर:
पारोळेकर, म्हणूनच तर सभा हवी. ते वाक्य ऐकल्यावर पोरं डॉक्टरवरच उठतील. उठू द्या.
खडूभाऊ, एक अट घालतो: सभेत बोलायला उभं राहणाऱ्याने नाटकातलं एक वाक्य इंग्रजीत, पाठ करून आणायचं. त्याशिवाय बोलू द्यायचं नाही.

खडू_डस्टर:
मग लाजरी पोरं गप्पच बसतील आणि आमच्याकडे लाजरीच जास्त. त्यापेक्षा नगराध्यक्ष इंग्रजीत बोलू दे आणि गाव अहिराणीत. साहेबाचा कागद कळल्याशिवाय भांडता येत नाही, हे पोरांनी घरी सातबाऱ्याच्या कामात पाहिलेलंच असतं. फळ्यावर नगराध्यक्षाचं वाक्य लिहायचं. ज्याला ते उलगडेल त्यानेच उत्तर द्यायचं, तोडकंमोडकं का होईना. मात्र सभा एकच तास, आणि स्वभावचित्रण मी लिहून देणारच.

पारोळेकर:
हे जमेल. फक्त डॉक्टर कोणत्या भाषेत बोलणार ते ठरवा. तो शिकलेला आहे, पण भयंकर चिडलेलाही आहे.