शेजारच्या साइटचा चिखल, आपली भिंत आणि उद्याची मीटिंग

*सेक्रेटरी*
सर्व सभासदांना नमस्कार. उद्या रविवारी सकाळी ११ वाजता शेजारच्या साइटचे इंजिनियर सोसायटी ऑफिसमध्ये येत आहेत. कालच्या पावसात ए विंगच्या मागे चिखल आला आणि तळमजल्यावर पाणी शिरलं, त्याबद्दल बोलायचं आहे. त्यांच्याकडे नक्की काय मागायचं ते आज इथे ठरवून घेऊ. कृपया आज या विषयाखेरीज दुसरं काही टाकू नका.

*ए-००२ काकू*
आमच्याकडे पाणी दारातून आलं नाही हो, बाथरूमच्या जाळीतून वर आलं. काळं, वासाचं. ह्यांच्या पायाचं ऑपरेशन झालेलं, त्यांना आधी पलंगावर बसवलं आणि मग मी आणि बाई रात्रभर उपसत होतो. चिखल मात्र मागच्या अंगणात. तिथे पाऊल घोट्यापर्यंत रुततंय अजून.

*बी-४०१*
काकू, उद्या मी त्यांना सोडत नाही. ऐका, माझं म्हणणं सोपं आहे. मागच्या भिंतीला खाली जी भोकं आहेत ना, त्यातूनच पाणी येतं. सिमेंटने बुजवून टाकू आणि भिंत दोन फूट वाढवू. खर्च साइटवाल्यांनी द्यायचा. प्लंबर आज संध्याकाळीही येईल.

*सी-७०३ ताई*
दादा, कृपा करून ती भोकं बुजवू नका. प्लंबरला आत्ताच फोन करून थांबवा, मग बाकीचं बोलू.

*बी-४०१*
थांबवलं. पण का?

*सी-७०३ ताई*
लांब लिहिते, पण वाचा सगळ्यांनी. माझं रोजचं काम हेच आहे, साइटचं पाणी काढण्याचं डिझाइन.

आपली मागची भिंत नुसतं कुंपण नाही. पलीकडची जमीन आपल्यापेक्षा सहा फूट वर आहे, तेवढी माती ती भिंत रोखून धरते. ती भोकं म्हणजे वीप होल. मागे मुरलेलं पाणी त्यातून निघून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेली. ती बंद केली आणि मागे सहा फूट पाणी तुंबलं, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचा दीड टनाहून जास्त रेटा येतो. मातीचा रेटा वेगळा. पावसाळ्यात भिंती कोसळल्याच्या बातम्या वाचतो, त्यात बहुतेक वेळा मागे कोंडलेलं पाणी असतं. आणि या भिंतीला लागून मुलांची घसरगुंडी आहे.

वीप होलमधून स्वच्छ पाणी येत असेल तर ती भिंत चांगलं काम करतेय. गढूळ येत असेल तर मात्र मागची माती धुपून निघतेय, आत पोकळी होतेय. आज सकाळी मी बघितलं. जांभळीपासून डावीकडच्या सगळ्यांतून स्वच्छ, उजवीकडच्या तिघांतून तांबडं येतंय. त्या तीन भोकांसमोर उद्या साइट इंजिनियरना उभं करायचंय. तोवर घसरगुंडी बंद ठेवा आणि त्या बाजूला गाड्या लावू नका, सेक्रेटरी साहेब.

*सेक्रेटरी*
वॉचमनला सांगितलं. दोरी बांधतोय.

*ए-७०४*
मॅडम, पण मग काकूंच्या बाथरूममध्ये पाणी कसं आलं? तेही साइटचंच ना?

*सी-७०३ ताई*
ते आपल्याच आवारात झालं, दादा. मागे पाणी साचलं म्हणून कोणीतरी चेंबरचं झाकण उचललं, पाणी लवकर जावं म्हणून. हेतू चांगला होता. पण ते ड्रेनेजचं चेंबर होतं, पावसाच्या पाण्याच्या लाइनचं नाही. संडास-बाथरूमची लाइन घरातल्या वापराच्या हिशोबाने घातलेली असते. त्यात अंगणभर पाणी घातलं की ती तुडुंब भरते आणि सगळ्यात खालच्या घरात उलटी येते. कितीही पाणी साचलं तरी ड्रेनेजचं झाकण उघडायचं नाही. दोन्ही झाकणांना वेगळा रंग मारून घेऊया.

आणि पावसाची लाइन का चालली नाही, तर ती साइटच्या मातीने अर्धी भरलीय. मी चेंबरमधलं पाणी बाटलीत भरून रात्रभर ओट्यावर ठेवलं होतं. सकाळी तळाला दोन बोटं गाळ, खाली जाड वाळू-मुरूम, वर बारीक चिकणमाती. वरचं पाणी अजूनही चहासारखं आहे. नालेसफाईत काढलेला गाळ मे महिन्यातला, हा सगळा त्यानंतरचा.

*डी-५०१*
नमस्कार. सगळ्यांना माहीत आहे, मी त्या प्रोजेक्टमध्ये फ्लॅट बुक केलाय. आपलं नुकसान झालं हे मला मान्यच आहे. पण सोसायटीत काहीजणांची काम बंद पाडा, स्टॉप वर्क नोटीस (काम थांबवायचा आदेश) आणा, अशी भाषा चालू झालीय. माझे पैसे अडकलेत हो त्यात. हप्ताही चालू झालाय.

*बी-४०१*
तुमचा फ्लॅट महत्त्वाचा की काकूंचं घर?

*सी-७०३ ताई*
दोघांनीही थांबा. पावसाळ्याच्या मध्यावर काम बंद पडणं हे आपल्यासाठीच सगळ्यात वाईट आहे. तिथे बेसमेंटचा खड्डा उघडा आहे. काम थांबलं की पंप चालवायला माणूस राहत नाही, खड्डा भरतो, कडेची माती भिजून सुटते, आणि ती कड आपल्या भिंतीला लागून आहे. आपल्याला काम थांबायला नकोय, नीट व्हायला हवंय.

आता पाण्याचा हिशोब बघा. प्लॉट साधारण दोन एकर, म्हणजे जवळजवळ ८,००० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासाला ५० मिमी पडला तर नुसत्या त्या प्लॉटवर चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, एका तासात. त्यात वरून येऊरच्या डोंगराचं पाणी वेगळं. पूर्वी तिथे झाडी होती. झाडीची जमीन पावसाच्या सुरुवातीला बरंच पाणी पिते, ऑगस्टमध्ये भिजून गच्च झाली की तीही सोडते, पण सावकाश. उघडा मुरूम आणि काँक्रीट थांबवून धरत नाहीत. आणि ५० मिमी हा काही जगावेगळा पाऊस नाही. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिमीच्या हिशोबाने बांधल्या होत्या, १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने (मुंबईचं पावसाचं पाणी कसं काढायचं याचा अहवाल) तो आकडा ५० करायला सांगितला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा कशाचाच निभाव लागला नाही, तो भाग सोडा. रोजच्या जोरदार सरीसाठी तरी व्यवस्था हवीच.

*डी-२०२ वकील काका*
उद्या साइटवाल्यांना जे पत्र द्याल त्यात एक वाक्य चुकूनही लिहू नका: "तुमचं पाणी आमच्याकडे येता कामा नये." इंडियन इझमेंट्स ॲक्ट, १८८२ (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा), कलम ७ खाली उदाहरण दिलंय की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी, ते ठरावीक प्रवाहातून वाहत नसेल तर, आपसूक खाली वाहत येतं आणि खालच्या मालकाला ते येऊ द्यावं लागतं. ते हेच कलम आपल्यापुढे ठेवतील. पण हे नैसर्गिक वाहण्याबद्दल आहे. खड्ड्यात गोळा करून, पंप लावून, एका पाइपने आपल्या भिंतीच्या पायथ्याशी सोडलेलं मातीचं पाणी नैसर्गिक म्हणता येणार नाही. भांडण तिथे करा.

*सी-७०३ ताई*
काका, अगदी हेच! पाणी अडवा असं म्हणून उपयोग नाही, डोंगर वर आहे आणि खाडी खाली. पाणी आपल्या बाजूनेच जाणार. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: डोंगराचं स्वच्छ पाणी त्यांच्या मातीत मिसळायच्या आधीच बाजूने काढून द्या.

प्लॉटच्या वरच्या कडेला एक चर हवा, दगडाने बांधलेला. येऊरकडून येणारं पाणी त्या चरात पडेल आणि प्लॉटला वळसा घालून नाल्यात जाईल. आज ते थेट खड्ड्यात पडतं, तिथे लाल होतं, मग पंपाने आपल्याकडे येतं. प्लॉटच्या बाजूला जो ओहोळ होता, ए विंगच्या जुन्या लोकांना आठवत असेल, तो याच कामाचा होता. साइटचा रस्ता करताना तो डबर टाकून बुजवला. तो मोकळा करा, किंवा तेवढ्याच पाण्याचा पाइप घाला.

*ए-१०१ आजोबा*
बरोबर आहे. तो ओहोळ दिवाळीपर्यंत वाहायचा. खेकडे मिळायचे तिथे.

*सी-७०३ ताई*
धन्यवाद आजोबा, उद्या तुम्ही याच. जागा तुम्हीच दाखवा.

उरलं खड्ड्यातलं पाणी. ते मातीचंच असणार, त्याला गाळ बसवायच्या टाक्या हव्यात, तीन कप्प्यांच्या, एकातून दुसऱ्यात वरवरचं पाणी जाईल अशा. वाळू लगेच बसते, चिकणमातीला फार वेळ लागतो, त्यामुळे एक पिंप ठेवून फोटो काढला तर ते आपण मान्य करायचं नाही. बाहेर पडणाऱ्या डंपरचे टायर धुवायची जागा गेटवर हवी, नाहीतर तीच माती रस्त्यावरून पावसाच्या लाइनच्या जाळीत येते. मातीचे ढीग आपल्या भिंतीपासून लांब, ताडपत्री घालून.

पंपाचं मात्र जरा समजून घ्या. भर पावसात, नाला तुडुंब असताना ते पंप चालू करतात, तेव्हाच आपलं अंगण भरतं. त्यातही खाडीला मोठी भरती असेल तर नाल्याचं तोंडच दबलेलं असतं. सर ओसरल्यावर उपसा केला तर आपल्याला त्रास होणार नाही. पण खड्ड्यात पाणी फार वेळ ठेवणं त्यांच्या कडांना धोक्याचं आहे, त्यांची ती अडचण खरी आहे. म्हणूनच वरच्या चराचा आग्रह धरायचा. डोंगराचं पाणी खड्ड्यात आलंच नाही तर उपसा खूप कमी होईल आणि त्यांनाही दोन-तीन तास थांबता येईल.

*डी-५०१*
हे पटतंय. ग्राहक म्हणून मीही त्यांच्या ऑफिसला मेल करतो. इमारत पुरी झाल्यावर पाण्याचं काय, तेही विचारतो.

*सी-७०३ ताई*
जरूर विचारा. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने पर्जन्यजल संचय सक्तीचा केलाय. छतावरचं पाणी किती साठवणार आणि जास्तीचं कुठून सोडणार, याचा नकाशा मागा.

*डी-२०२ वकील काका*
बांधकाम क्षेत्र २०,००० चौ.मी.च्या वर असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. मंजुरीची आणि शेवटच्या अहवालाची प्रत मागू. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

*बी-४०१*
आमच्या बाल्कनीतून त्यांचा पंप दिसतो. आजपासून केव्हा चालू झाला, पाऊस कसा होता, सगळं व्हिडिओसकट लिहून ठेवतो. काकू, अंगणातला चिखल उद्या आम्ही मुलं मिळून काढतो, तुम्ही हात लावू नका.

*ए-००२ काकू*
देव भलं करो रे बाबांनो. पण उद्या नुसतं हो हो म्हणून गेले तर?

*सेक्रेटरी*
म्हणूनच लेखी घेणार, काकू. पत्र असं करतो: उजवीकडच्या भिंतीची तपासणी त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून या आठवड्यात, आणि त्याची प्रत आपल्याला. आपली पावसाची लाइन त्यांच्या खर्चाने लगेच साफ. वरचा चर आणि ओहोळ कधी सुरू, कधी पूर्ण, तारखेसह. टाक्या होईपर्यंत पाइपचं तोंड आपल्या भिंतीपासून हलवायचं. एक प्रत प्रभाग समितीला. ताई, ठीक आहे?

*सी-७०३ ताई*
रात्री पंपाजवळ जो माणूस असतो त्याचा नंबरही त्यात मागा. पाणी रात्री दोनला येतं, तेव्हा साइट इंजिनियर झोपलेले असतात.

*डी-२०२ वकील काका*
आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. साइटवर दिलेली पत्रं गहाळ होतात, तेव्हा सोमवारी तेच पत्र त्यांच्या मुख्य ऑफिसला पोस्टाने नोंद करून पाठवा. मसुदा रात्री नऊपर्यंत मला द्या, वाचून देतो.