स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर वुडन फ्लोरिंग चालेल का?

गावभाग_सांगली: नमस्कार मंडळी, आमचं घर जुनं, स्वयंपाकघर तळमजल्यावर, खाली आजोबांच्या वेळची शहाबादी. ओट्यासमोरच्या दोन फरश्या डुगडुगतात, पाय पडला की सांध्यातून पाणी वर येतं आणि पावसाळ्यात तर सगळी फरशी काळपट पडते. आईचे गुडघे दुखतात, गार फरशीवर तिला उभं राहवत नाही, म्हणून वुडन फ्लोरिंग मनात आहे. दुकानदार म्हणतो फोडायला नको, वरूनच लॅमिनेट टाकू, दोन दिवसात काम. करू का?

मिरजेची_ताई: लॅमिनेट अजिबात नको. आमच्याकडं सिंकखालचा पाईप रात्रभर ठिबकत राहिला आणि चार दिवसात पट्ट्यांच्या कडा फुगून वर आल्या. आत लाकडाचा भुसा दाबलेला असतो, एकदा पाणी प्यायला की परत बसत नाही. मी रडले होते अक्षरशः.

फरशीवाला_सातारा: मी हीच कामं करतो. आधी ओल बघा. दीड बाय दीड फूट प्लास्टिक घ्या, चारी कडा टेपनं चिकटवा, एक दिवस ठेवा. खालून थेंब धरले तर पाणी जमिनीतून येतंय, वरून काहीही टाका, ते आतल्या आत कुजणार. जुन्या घरात शहाबादीखाली नुसता मुरूम नि चुना असतो. फरशी उचलून मुरूम धुमसायचा, जाड प्लास्टिक अंथरून वर काँक्रीट करायचं. मग एसपीसी, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचं फ्लोरिंग, चालतं, ते दगडाची पावडर नि प्लास्टिकचं, फुगत नाही, फक्त भिंतीकडेला 8 ते 10 मिमी फट सोडायची. पण तुम्ही सांगलीच्या गावभागात, नदीकाठी, पूर आला तर गाळ सांध्यातून खाली जाणार आणि सगळं उचलावं लागणार. त्यापेक्षा लाकडी डिझाईनची, न चकाकणारी व्हिट्रिफाईड टाईल घ्या, आणि आईंसाठी ओट्यासमोर जाड रबरी मॅट.

गावभाग_सांगली: दादा, केलं तसं. सकाळी प्लास्टिक उचललं तर आतून सगळं दवासारखं भिजलेलं. 2019 ला ओट्याच्या वर पाणी होतं, 2021 ला परत आलं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं बघा. टाईलच करतो. आई म्हणते जुन्या फरश्या फोडू नका, परसात तुळशीभोवती घालू. अख्ख्या निघतील का?

फरशीवाला_सातारा: चुन्यात बसवल्या असतील तर बऱ्याच निघतील. डुगडुगणाऱ्या दोन आधी काढा, मग तिथनं पहार घालून हळूहळू उचला. ब्रेकर लावू देऊ नका कुणाला.