सहाशेचा एसएमपीएस रिपेअर करावा का भंगारात द्यावा?

सेलूकर
आमचं गावात छोटं ऑनलाइन सेंटर हाय, सातबारा, पीकविमा असली कामं. ऐन विम्याच्या गर्दीत कॉम्प्युटर चालू व्हईना, सकाळी बटन पाच-सहा वेळा दाबावं तव्हा कुठं पंखा फिरायचा आन मग दिवसभर काही तक्रार नाही. दुकानदार म्हणला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) गेला, नवा टाका. मी उघडला तर स्टँडबायच्या (कॉम्प्युटर बंद असतानाबी चालू ऱ्हाणाऱ्या) ५ व्होल्टचा कपॅसिटर पुरीवानी फुगलेला. १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा काढून १६ व्होल्टचा, १०५ डिग्रीवाला बसवला, पंख्यात तेलाचा थेंब सोडला, खर्च चाळीस रुपये. तीन आठवडे झाले, मस्त चालायलाय. आता बाकीचेबी कपॅसिटर मोठे टाकून त्यालाच दमदार करावा म्हणतो. उगं नव्यात अडीच हजार कशाला घालायचे?

उदगीरी
भाऊ, रिपेअर झकास केलं, पण दमदार कशाला करायलाव? लेबलवर ४५० वॅट लिहिलंय म्हणून ४५० निघत नाहीत. हातात घ्या, रिकाम्या डब्यावानी हलका लागंल. ट्रान्सफॉर्मर बारका, गरमी काढणारं हीटसिंक म्हंजे नुसती पत्र्याची पट्टी. कपॅसिटर दुप्पट टाकल्यानं ते थोडीच वाढणार?

बीडचा_बाप्या
सगळ्यांनाच नवं घ्यायला सांगायलेत. माझा असाच रिपेअर केलेला सात वर्षं चालला. आन मीटर लावून बघितलं, १२.१ व्होल्ट. अजून काय पाहिजे?

उदगीरी
हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस नुसताच चालू केला, बिनलोडचं बघितलं असंल. लोडवर बघा, ११.४ च्या खाली गेला तर गेला. आन रिपल, म्हंजे डीसीतली बारीक चढउतार, मीटरला दिसतच नाही. दुसरं, आपल्याकडं रात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज २६० ला जातंय. त्याचं डीसी होतं ३६५ च्या पुढं, आत येणाऱ्या बाजूच्या दोन मोठ्या कपॅसिटरवर निम्मं-निम्मं, म्हंजे १८० च्या वर. त्यांच्यावर लिहिलेलं २०० व्होल्ट. बदलायचेच तर आधी ते बदला, २५० चे टाका. प्लग काढून धा-पंधरा मिन्टं थांबा आन मीटरनं चार्ज उतरल्याचं बघूनच हात घाला, नाहीतर कॉम्प्युटर ऱ्हायला बाजूला, तुम्हीच जाल.

हिंगोलीची_ताई
आमच्या क्लासात चांगला भारी एसएमपीएस टाकला तर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या! जुन्या स्वस्तात असलं काही नव्हतं. मग भारी कशाचा?

उदगीरी
ताई, भारीत फिल्टरचे (लाइनमधला गोंगाट अडवणारे) कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की तेच करंट जाणवतं. स्वस्तात ते बसवलेलेच नसतात, म्हणून गप ऱ्हातंय. अर्थिंग बघून घ्या, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला असंल.

बीडचा_बाप्या
म्हंजे आता कॉम्प्युटरसाठी खड्ड्यात पाणी बी ओतायचं. प्यायला टँकर हाय इथं.

सेलूकर
परत उघडला. आत येणाऱ्या लाइनवर फिल्टरच्या कॉइलच्या जागी दोन तारा टाकल्यात, त्याच्या बाजूची कपॅसिटरची जागा रिकामी, नुसतीच छिद्रं. आउटपुटच्या कॉइललाबी तारच. आता हे सगळं भरायचं म्हटलं तर सामान जिंतूर रोडला मिळत नाही, परभणीला जावं लागंल, येण्या-जाण्याचंच भाडं किती. बाप्या, तुमचं बी खोटं नाही, पण विम्याचे फॉर्म हुईस्तोवर हाच चालवतो, ग्राफिक कार्ड काही लावत नाही त्याला. नंतर नवा घेतला तर ह्याचे १२ व्होल्ट दुकानाच्या एलईडी पट्टीला वापरीन.

उदगीरी
पट्टीला चालंल. फकस्त ५ व्होल्टवरबी थोडा लोड ठेवा, न्हाईतर १२ चं जागेवर ऱ्हात नाही.